वत्स आणि वासरूं

जुन्या नाटकांत एखादा ऋषि ‘वत्सा’ अशी हांक मारतो, तेव्हां आश्रमाचें सारें गांभीर्य डोळ्यांपुढें उभें राहतें. ह्या हांकेचा जन्म गोठ्यांतला, हें मात्र सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. ‘वत्स’ म्हणजे मुळांत गाईचें वासरूं. हा शब्द गोठ्यांतून आश्रमांत कसा गेला, तें येथें थोडक्यांत पाहण्याचा आमचा विचार आहे.

‘वत्स’, ‘वत्सर’ आणि ‘संवत्सर’ हे शब्द एकाच कुळांतले. ग्रीक भाषेंतील ‘एतोस्’ म्हणजे वर्ष व लॅटिन भाषेंतील ‘वितुलुस्’ म्हणजे वासरूं, हे शब्दहि तौलनिक भाषाशास्त्रज्ञ त्याच कुळांत घालतात. तेव्हां ‘वत्स’ म्हणजे वर्षाचें झालेलें जनावर. गोधनावर जगणाऱ्या समाजाला जनावराचें वय मोजावेंच लागे. ह्या नांवांत प्रथम हिशेब होता, माया नव्हती.

माया आली ती गाईकडून. पाणिनीनें अष्टाध्यायींत (५.२.९८) ‘वत्स’ शब्दाला ‘ल’ प्रत्यय सांगितला आहे. परंतु त्यापासून झालेल्या ‘वत्सल’ शब्दाचा अर्थ ‘वासरूं बाळगणारा’ असा नव्हे, तर ‘स्नेहाळ’ असा होतो. म्हणजे पाणिनीच्या काळींच शब्दांतून वासरूं निघून गेलें होतें आणि गाईची ओढ तेवढी उरली होती. पुढें १४व्या शतकांत विश्वनाथानें ‘साहित्यदर्पणां’त वत्सल हा स्वतंत्र रस मानला, आणि गोठ्यांतल्या शब्दाला साहित्याच्या दरबारांत आसन मिळालें.

मराठींत ह्याच घराण्याची दुसरी शाखा नांदते. ‘वत्सरूप’ ह्यापासून प्राकृताच्या वाटेनें ‘वासरूं’ झालें. ‘गोरूपा’चें ‘गुरूं’ आणि ‘पक्षिरूपा’चें ‘पाखरूं’ झालें, तसेंच हें. पण ह्या शाखेचें भाग्य निराळें. ‘वत्स’ आशीर्वादाचा धनी झाला, तर ‘वासरूं’ दाव्यालाच राहिलें. ‘वासरांत लंगडी गाय शहाणी’ ह्या म्हणींत तर तें अजाणांचें प्रतीक होऊन बसलें आहे.

आश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे वसुबारसेला, गाईची पूजा वासरासह करतात. व्रत करणाऱ्या स्त्रिया त्या दिवशीं गाईचें दूध वर्ज्य मानतात. एरवींचा क्रम उलट असतो: गाईला पान्हा फुटावा म्हणून वासरूं सोडावयाचें, आणि तो फुटला कीं त्याला ओढून बाजूस बांधावयाचें. भाषेंतहि आपण तेंच केलें. आईच्या मायेला ‘वात्सल्य’ म्हणतांना त्यांतील वासराची आठवण कोणाला होते? त्याच्या वांट्याचें दूध आपण घेतलें, तसें त्याचें नांवहि घेतलें. दुधाचें ऋण वर्षांतून एक दिवस तरी आपण मानतों. नांवाचें ऋणहि एखादे वेळीं स्मरावें, एवढेंच आमचें सांगणें.