निश्शिनकान : सामुराईंच्या मुलांची शाळा

जपानच्या ईशान्य भागांत डोंगरांनीं वेढलेलें आइझू नांवाचें संस्थान होतें. त्याच्या राजधानींत, वाकामात्सु येथें, १८०३ सालीं एक विद्यालय बांधून पुरें झालें. त्याचें नांव निश्शिनकान. सामुराई घराण्यांतील मुलगा दहाव्या वर्षीं येथें दाखल होई. तलवार, भाला व धनुर्विद्या हीं तर आलींच. परंतु कन्फ्यूशसचे ग्रंथ, सुलेखन आणि शिष्टाचार यांनाहि मान कमी नव्हता. आवारांत पोहण्याचें तळें होतें, आकाशाचे वेध घेण्यासाठीं वेधशाळा होती.

खरें शिक्षण मात्र शाळेंत पाऊल पडण्यापूर्वींच सुरू होई. सहा ते नऊ वर्षांचे मुलगे आपापल्या आळींत सुमारें दहा-दहांच्या टोळीनें जमत, आणि त्यांतला थोरला सर्वांस नियम ऐकवी. मोठ्यांची आज्ञा मोडूं नये, खोटें बोलूं नये, भ्याडपणा करूं नये, दुबळ्यास छळूं नये. रस्त्यांत बायकांशीं बोलूं नये, हाहि त्यांतलाच एक. आजच्या श्रोत्यांस यावर हसूं येईल. शेवटीं तो बजावी कीं, जें वर्ज्य तें वर्ज्यच. कारण विचारण्याची सोय नव्हती. अपराध्याची शिक्षाहि मुलेंच ठरवीत.

आइझूचा राजा शोगुनचा निष्ठावंत. शोगुनची सत्ता गेल्यावर १८६८ सालीं सम्राटपक्षाच्या फौजा या संस्थानावर चालून आल्या. तेव्हां सोळा-सतरा वर्षांच्या मुलांची ‘ब्याक्कोताइ’, म्हणजे पांढऱ्या वाघांची पलटण, उभारण्यांत आली. तिच्या एका तुकडीचा मोड होऊन वीस मुलगे इइमोरी टेकडीवर पोहोंचले. खालीं शहर पेटलें होतें. धूर पाहून किल्ला पडला असें त्यांस वाटलें व त्यांनीं आत्मघात केला, अशी कथा रूढ आहे. परंतु त्यांतून वांचलेला एकटा इइनुमा सादाकिची याच्या आठवणींवरून निराळेंच दिसतें. किल्ला पडलेला नाहीं हें त्यांस ठाऊक होतें. शत्रूवर तुटून पडावें कीं किल्ल्यांत परतावें, यावर त्यांचा वाद झाला. आणि जिवंत सांपडण्याची नामुष्की नको म्हणून त्यांनीं मरण पत्करलें. हें खरें असेल तर धुरास दोष देतां येत नाहीं. आळींतल्या त्या टोळींत जें घोकलें, तेंच टेकडीवर आठवलें.

किल्ला त्यानंतर सुमारें महिनाभर लढत राहिला. शाळा त्याच युद्धांत जळाली. प्रवाशास आज शहराबाहेर जी दाखवितात ती १९८७ सालीं नव्यानें उभारलेली आहे. जुन्या शाळेची खूण पाहावयाची तर किल्ल्याच्या पश्चिमेस जावें. तेथें वेधशाळेचा दगडी चौथरा तेवढा उरला आहे.

सादाकिचीनें पलटणींत शिरण्यासाठीं वय वाढवून सांगितलें होतें, म्हणजे एक नियम त्यानें आधींच मोडला होता. एका स्त्रीनें त्यास वांचविलें. पुढें तारखात्यांत नोकरी करून तो १९३१ सालीं सेंदाइ येथें वारला. त्याची समाधि इइमोरी टेकडीवरच आहे. त्या एकोणीस जणांच्या रांगेंत मात्र नाहीं, जरा बाजूला आहे.