एकाच शोकाचे दोन सूर

इ. स. १६६३ मध्ये जुन्या गोव्यातील बॉम जेझूच्या ख्रिस्तमंदिरात सात गायकवृंदांचे संगीत ऐकून सेबास्तियानी या इटालियन बिशपांना आपण रोममध्येच आहोत, असा भास झाला. रचना रोमच्या कारिस्सिमीची होती. गाणारे गोमंतकीय होते.

बरोक युगातील या संगीतकाराची थोरवी त्याच्या ‘इफ्ते’ या गायनकथेत दिसते. विजय मिळाल्यास घरातून जे प्रथम सामोरे येईल त्याचा बळी देईन, असा नवस इफ्ताह करतो. आणि सामोरी येते ती डफ वाजवीत, नाचत, त्याची एकुलती एक कन्या. तिच्या विलापाचे अखेरचे शब्द दोन कंठ डोंगरातील प्रतिध्वनीप्रमाणे पुन्हा उच्चारतात. मग सहा स्वरांचा वृंद रडू लागतो. रचना तेथेच संपते. सांत्वन नाही.

शंभर वर्षांनी, १७५१ मध्ये, हॅन्डेलने हीच कथा हाती घेतली. ईश्वरी निर्णयांच्या गूढतेवरील वृंदगीत लिहीत असतानाच डाव्या डोळ्याची दृष्टी मंदावून त्याला लेखणी खाली ठेवावी लागली. त्याच्या इफ्ताहाची तळमळ अंतःकरण चिरते; परंतु अखेरीस देवदूत येऊन कन्येला वाचवितो.

हॅन्डेलचा शोक एका पित्याचा, म्हणून नाट्यमय. कारिस्सिमीचा शोक साऱ्या समाजाचा, म्हणून अधिक खोल. हॅन्डेलनेही त्या अंतिम वृंदाचे मोल ओळखले होते. १७४३ च्या ‘सॅमसन’मध्ये त्याने त्याचाच आधार घेतला.

उपवासकाळात गोव्यातील चर्चमधून आजही मोतेत गायिले जातात. तेथेही दुःख एकट्याचे राहत नाही. अनेक कंठ ते वाटून घेतात.