सातबाऱ्यात लपलेला डेकामीटर

किलो, हेक्टो, डेका, मीटर, डेसी, सेंटी, मिली ही शिडी आपण शाळेत पाठ केली आणि त्यातला डेकामीटर, म्हणजे 10 मीटर, परीक्षा संपताच विसरलो. कापड मीटरवर, रस्ता किलोमीटरवर. डेकामीटर मागायला कुणी जात नाही. पण नंदुरबार जिल्ह्यातला कुठलाही सातबारा उघडा. हेक्टरनंतर जो 'आर' येतो ना, तो म्हणजे एक डेकामीटर बाजूचा चौरस, 100 चौरस मीटर. 7 एप्रिल 1795 च्या फ्रेंच कायद्यात मीटरबरोबरच त्याची व्याख्या झाली.

गंमत अशी, की जवळपास हीच लांबी आपल्याकडे आधीपासून वापरात होती. मुंबई इलाख्याच्या मोजणीची साखळी 33 फुटांची, 16 आण्यांची. 1852 मध्ये खानदेशात मोजणी आली तेव्हा सावदा-एरंडोल भागात लोकांनी तिला कडाडून विरोध केला, कारण साखळीमागून सारा येतो हे त्यांना ठाऊक होतं. ही साखळी 10.06 मीटरची, डेकामीटरहून सहा सेंटिमीटरही जास्त नाही. तिचा चौरस तो गुंठा, 101.17 चौरस मीटर. म्हणून लोक बिनदिक्कत आरलाच गुंठा म्हणतात. एका गुंठ्यापुरतं ते चालतंही.

पण नर्मदा लवादाचा 1979 चा निवाडा पाहा. बुडितातल्या खातेदार कुटुंबाला किमान '2 हेक्टर (5 एकर)' जमीन. आता 5 एकर म्हणजे 202.34 आर, आणि 2 हेक्टर म्हणजे 200. अक्राणी-अक्कलकुव्याचं गाव सोडून तळोदा-शहाद्याकडे आलेल्या माणसासाठी कंसातला आकडा धरायचा की कंसाबाहेरचा, यावर 234 चौरस मीटर ठरतात. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना 'बरोबर' आणि 'जवळपास' यांतला भेद फार सूक्ष्म वाटतो. इथे तो दोन गुंठ्यांहून मोठा आहे.

वनहक्क कायदा 2006 चा. त्यात वैयक्तिक दाव्याची कमाल मर्यादा 4 हेक्टर, म्हणजे 400 आर. पण सातपुड्यातलं शेत सपाट थोडंच असतं? 30 अंशांच्या उतारावर जमिनीला लावून 10 मीटर टेप धरा. नकाशावर ते अंतर 8.66 मीटरच भरतं, कारण नकाशा आडवं अंतर धरतो. मग धडगावचा शेतकरी पावलांनी मोजून सांगतो तो आकडा आणि कागदावरचा आकडा जुळत नाहीत, आणि तरी दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नसतं.