गाडीचे उत्सर्जन सेन्सर: चेक लाइट लागला म्हणजे नेमके काय झाले?

मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा एक पिवळा दिवा असतो. गॅरेजमध्ये त्याला ‘चेक लाइट’ म्हणतात. हा दिवा लागला की शिरूरच्या बाजारतळाजवळ असो की दौंडच्या स्टेशन रोडला, पहिला अंदाज बहुधा एकच निघतो: ‘सेन्सर गेला.’ मग काही हजारांचा नवा सेन्सर बसतो, दिवा विझतो आणि आठवड्याभरात पुन्हा लागतो. कारण बऱ्याच वेळा सेन्सर शाबूत असतो आणि तो जे सांगत असतो तेही खरे असते. बिघाड दुसरीकडे असतो.

उत्सर्जन सेन्सर म्हणजे इंजिनात जाणारी हवा, जळणारे इंधन आणि सायलेन्सरमधून बाहेर पडणारा धूर यांवर लक्ष ठेवणारी उपकरणे. त्यांच्याकडून येणारे आकडे इंजिनाच्या संगणकाकडे, म्हणजे ईसीयूकडे जातात आणि त्यावरून दर क्षणी किती इंधन सोडायचे ते ठरते. भारतात १ एप्रिल २०१० पासून बीएस-४ मोटारींना ओबीडी ही स्वतःची तपासणी स्वतः करणारी यंत्रणा लागू झाली आणि २०१३ पासून तिची अधिक कडक आवृत्ती, ओबीडी-२, आली. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाले. तेव्हापासून विशेषतः डिझेल गाड्यांत सेन्सरांची संख्या बरीच वाढली. या मानकांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून पुण्यातच आहे.

इथे एक गमतीची नोंद करण्यासारखी आहे. २०१० मध्ये बीएस-४ इंधन आधी १३ शहरांत आले, त्या यादीत पुणे होते आणि सोलापूरही होते. दोन्हींच्या मधल्या दौंडला मात्र बीएस-३ चेच इंधन मिळत राहिले. बीएस-३ डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दशलक्ष भागांत ३५० भागांपर्यंत, बीएस-४ मध्ये ५० आणि आताच्या बीएस-६ मध्ये १० भाग एवढेच चालते. गंधक कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे काम मंदावते. त्यामुळे सेन्सरांवर विसंबलेली आजची यंत्रणा त्या काळच्या इंधनावर नीट चाललीच नसती.

ऑक्सिजन सेन्सर

पेट्रोल आणि सीएनजी गाडीतला सगळ्यात महत्त्वाचा उत्सर्जन सेन्सर हा. त्याला लॅम्डा सेन्सरही म्हणतात. बॉश कंपनीने तो १९७६ मध्ये प्रथम बाजारात आणला, तो अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या व्होल्वो गाड्यांसाठी. दिसायला तो स्पार्क प्लगसारखा असतो आणि एक्झॉस्टच्या पाइपात आट्यांनी बसवलेला असतो. आत झिर्कोनिया या चिनीमातीसारख्या पदार्थाचे टोपण असते. त्याच्या एका बाजूला धूर आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा असते. दोन्हींकडच्या ऑक्सिजनमधल्या फरकामुळे त्यात थोडी वीज तयार होते. धुरात ऑक्सिजन उरला नसेल, म्हणजे इंधन जास्त झाले असेल, तर सुमारे ०.९ व्होल्ट, ऑक्सिजन उरला असेल, म्हणजे इंधन कमी पडले असेल, तर ०.१ च्या आसपास. चांगला सेन्सर या दोन टोकांमध्ये सतत वरखाली होत राहतो आणि ईसीयू त्यानुसार इंधन थोडे वाढवतो, थोडे घटवतो. काही नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँड प्रकारचा असतो आणि त्याचे आकडे निराळे असतात.

हा सेन्सर साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापल्यावरच काम करतो, म्हणून त्यात एक छोटा हीटर असतो. बहुतेक गाड्यांत असे दोन सेन्सर असतात: एक कन्व्हर्टरच्या आधी, दुसरा नंतर. आधीचा इंधनाचा हिशोब ठेवतो आणि नंतरचा कन्व्हर्टरवर नजर ठेवतो. कन्व्हर्टर ठीक असेल तर मागच्या सेन्सरचा आकडा बराचसा स्थिर राहतो. तोही पुढच्यासारखा नाचू लागला की ‘पी ०४२०’ हा कोड नोंदला जातो.

उसाच्या या पट्ट्यात या सेन्सरचा आणखी एक संबंध आहे. भीमा-पाटस आणि घोडगंगा ही कारखान्यांची नावे इथे घरोघरी माहीत आहेत आणि उसापासून इथेनॉल होते हेही. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ भाग. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचे हे प्रमाण १३.५ च्या जवळ येते. म्हणजे तेवढ्याच हवेला सुमारे नऊ टक्के जास्त इंधन द्यावे लागते. ते देण्याची गरज ईसीयूला कळते ती ऑक्सिजन सेन्सरमुळे. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला ही सोय नाही. सेन्सर म्हातारा होऊन सुस्त झालेला असेल, तर ही जुळवणी बिघडते, गाडी झटके देते आणि दोष पेट्रोलवर जातो. कधी तो पेट्रोलचा असतोही, पण तपासल्याशिवाय सांगता येत नाही.

धूळ, उंदीर आणि छोटे फेरे

सेन्सर आपणहून क्वचित मरतात. गरम होणारा ऑक्सिजन सेन्सर दीड लाख किलोमीटरच्या आसपास टिकावा अशी अपेक्षा असते. त्याआधी गेला तर कारण शोधावे. इंजिन ऑइल जळत असेल तर त्यातल्या फॉस्फरसचा थर टोकावर बसतो. गॅरेजमध्ये सढळ हाताने लावलेल्या सिलिकॉन सीलंटच्या वाफेनेही तो निकामी होतो.

शिरूरचा पूर्व भाग आणि दौंड हा पर्जन्यछायेतला कोरडा मुलूख. गळिताच्या हंगामात न्हावरे–चौफुला रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे चालणारी गाडी तासभर धूळच ओढत असते. ही धूळ एअर फिल्टर चोंदवते आणि फिल्टर फाटका किंवा सैल बसलेला असेल तर हवेचे वस्तुमान मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरच्या केसासारख्या तारेवर जमते. मग सेन्सर हवा कमी मोजतो, इंधन कमी सुटते आणि ‘पी ०१७१’, म्हणजे मिश्रण पातळ असल्याचा कोड येतो. यावर उपाय स्वस्त आहे. कंपनीच्या पुस्तिकेत धुळीच्या प्रदेशासाठी फिल्टर बदलण्याचे वेगळे, कमी अंतर दिलेले असते, तेच पाळावे. पंक्चरच्या दुकानात कॉम्प्रेसरने फिल्टर झटकण्याची रीत आहे, पण जोराच्या हवेने कागदाला बारीक चिरा पडतात. एमएएफ सेन्सर साफ करायचा तर त्यासाठीचाच स्प्रे वापरावा आणि तारेला बोट, कापड किंवा कॉम्प्रेसरची हवा लावू नये. ऑक्सिजन सेन्सर मात्र साफ करण्याच्या फंदात पडू नये. पेट्रोलमध्ये बुडवून किंवा पॉलिश पेपरने घासून तो सुधारत नाही.

दुसरा शत्रू उंदीर. कांदा चाळीला किंवा गोठ्याला लागून गाडी उभी असते, त्या घरांत वायर कुरतडली जाण्याचे प्रकार नेहमीचे. ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरची वायर तुटली की ‘पी ०१३५’ येतो. अशा वेळी आधी फ्यूज, कनेक्टर आणि वायर बघावी. वायर जोडून काम भागत असेल, तर सेन्सर बदलण्याचे कारण नाही.

डिझेल गाडीचे दुखणे वेगळे. रांजणगावच्या फियाट कारखान्यात बनणारे १.३ लिटरचे मल्टिजेट इंजिन असलेल्या गाड्या या भागात अजून पुष्कळ दिसतात. बीएस-६ आल्यावर २०२० मध्ये ते इंजिन बंद झाले. त्या पिढीच्या बहुतेक छोट्या गाड्यांत डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी जाळी नव्हती. बीएस-६ डिझेलमध्ये ती असतेच. तिच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक एक सेन्सर मोजतो. फरक वाढला म्हणजे काजळी साठली. मग ईसीयू जादा इंधन देऊन जाळी सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवतो आणि काजळी जाळून टाकतो. पण त्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. घर ते शेत, शेत ते सोसायटी असे तीन-चार किलोमीटरचे फेरे मारणाऱ्या गाडीत हे काम दर वेळी अर्धवट राहते.

डीपीएफचा दिवा लागला तर तो दडपू नये. पुस्तिकेत दिलेल्या वेगाने, साधारणपणे ताशी ६० किलोमीटर किंवा त्याहून थोडे जास्त, १५ ते २० मिनिटे न थांबता गाडी चालवावी. दौंडकरांना पाटसपासून यवतपर्यंतचा सोलापूर महामार्ग आणि शिरूरकरांना सुप्याच्या दिशेचा नगर रस्ता यासाठी पुरतो. पुण्याच्या दिशेला सणसवाडी-वाघोलीच्या कोंडीत हे होणे नाही. अशा फेरीनंतर गाडी उसाच्या पाचटावर किंवा वाळल्या गवतावर उभी करू नये. खालचा पाइप एवढा तापलेला असतो की पाचट पेटू शकते. वारंवार दिवा लागत असेल तर ईजीआर, इंजेक्टर आणि ऑइलचा प्रकार तपासावा. डीपीएफ गाडीला कमी राखेचे ऑइल लागते. काजळी जळते, राख जळत नाही, ती जाळीतच साठत जाते.

काही डिझेल मोटारी आणि बहुतेक नवे ट्रक नायट्रोजनची ऑक्साइडे कमी करण्यासाठी डीईएफ हे द्रावण वापरतात. त्यात ३२.५ टक्के अतिशुद्ध युरिया असतो. घरात खताची गोणी असताना ते विकत कशाला घ्यायचे, असा विचार मनात येणे साहजिक आहे, पण तो फार महागात पडतो. शेतीच्या युरियात इतर अशुद्धी असतात आणि २०१५ पासून देशातला सगळा शेती युरिया कडुलिंबाच्या तेलाचा लेप दिलेला असतो. हे मिश्रण पंप आणि कॅटॅलिस्ट दोन्ही खराब करते. द्रावण चुकीचे आहे हे एनओएक्स सेन्सर ओळखतो. मग इंजिनाची ताकद कमी केली जाते किंवा ठराविक अंतरानंतर गाडी सुरूच होत नाही. अनुदानाचे खत गाडीत वापरणे बेकायदा आहे, ते वेगळेच.

दिवा लागल्यावर

चेक लाइट लुकलुकत असेल तर इंजिनात मिसफायर होत आहे. न जळलेले इंधन कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि तो वितळू शकतो. वेग कमी करून गाडी बाजूला घ्यावी. दिवा स्थिर असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर घाई नाही, पण आठवडे घालवू नयेत.

कोड वाचण्यासाठी स्टीअरिंगखाली १६ पिनांचे सॉकेट असते. ब्लूटूथचा साधा स्कॅनरही कोड दाखवतो. कोड पुसण्याआधी तो कागदावर लिहून घ्यावा आणि त्यासोबत साठलेले वेग, तापमान, आरपीएम हे आकडेही. पुसले की ही माहिती जाते आणि मेकॅनिकच्या हाती काहीच उरत नाही. कोड म्हणजे निदान नव्हे, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ पैसे वाचतात. ‘पी ०४२०’ दिसला म्हणून लगेच महागडा कन्व्हर्टर बदलण्याआधी एक्झॉस्टची गळती आणि मिसफायर तपासायला हवेत. बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाडीत किटची ट्यूनिंगही बघायला हवी. ऑक्सिजन सेन्सर बदलावाच लागला तर त्याच पार्ट नंबरचा घ्यावा. साधा आणि वाइडबँड सेन्सर एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

पीयूसी पास झाली म्हणजे सेन्सर ठीक, असे मात्र नाही. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, बीएस-४ पासून पुढच्या गाड्यांत वाढलेल्या आरपीएमवर लॅम्डाही. डिझेलमध्ये धुराची घनता पाहतात. नायट्रोजनची ऑक्साइडे या तपासणीत येत नाहीत. बीएस-४ आणि पुढच्या गाडीचे प्रमाणपत्र एक वर्ष चालते, त्याआधीच्या गाड्यांचे सहा महिने. तपासणीला गाडी १५ मिनिटे चालवून गरम करूनच न्यावी. थंड कन्व्हर्टर काम करत नाही आणि चांगली गाडीही नापास होऊ शकते.

सायलेन्सरची चोरी आणि जुनी गाडी

कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असतात. महाराष्ट्रात आणि गुजरातेत मारुती इकोचे सायलेन्सर चोरीला जाण्याचे गुन्हे गेल्या काही वर्षांत वारंवार नोंदले गेले, ते याच धातूंसाठी. चोर कधी जुना, रिकामा सायलेन्सर बसवून जातात. मालकाला चोरी कळतच नाही, चेक लाइट तेवढा लागतो. काही वेळा गाडीवाला स्वतःच ‘पिकअप वाढतो’ म्हणून डीपीएफ किंवा कन्व्हर्टर काढून टाकतो आणि सॉफ्टवेअर बदलून दिवा बंद करून घेतो. हे बेकायदा तर आहेच, शिवाय पुढच्या खरेदीदाराची ती फसवणूक आहे.

म्हणून जुनी गाडी घेताना चावी फिरवावी, पण इंजिन लगेच सुरू करू नये. या स्थितीत चेक लाइट लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर तो विझला पाहिजे. चावी फिरवूनही तो लागत नसेल तर दिवा काढलेला किंवा बंद केलेला असण्याची शक्यता धरावी. मग गाडी रॅम्पवर चढवून कन्व्हर्टर जागेवर आहे का, पाइपाला नवे वेल्डिंग आहे का आणि दोन्ही ऑक्सिजन सेन्सरांच्या वायरी कनेक्टरपर्यंत पोहोचतात का, हे पाहून मगच किमतीचे बोलावे.