थाळनेर, मालेगाव आणि हरलेले शिपाई

अकिरा कुरोसावांच्या 'सेव्हन सामुराई' (१९५४) या जपानी चित्रपटात एक प्रसंग आहे. गावाच्या रक्षणासाठी आलेल्या सामुरायांपुढे लपवून ठेवलेली चिलखते आणि भाले येतात. गावकऱ्यांनी ती मिळवली आहेत हरून पळणाऱ्या सामुरायांना मारून. सारे सुन्न होतात. तेव्हा शेतकऱ्याच्याच पोटी जन्मलेला किकुचियो उसळून विचारतो, की या शेतकऱ्यांना असे कोणी केले? गावे जाळणारे, धान्य लुटणारे तुम्हीच ना?

हा प्रश्न आपल्या खानदेशालाही विचारता येतो. पेशवाईच्या अखेरीस इथल्या अनेक गढ्या-किल्ल्यांवर अरब शिपाई होते. दूरदेशाहून पोटासाठी आलेली ही माणसे लढाईत पक्की होती. पगार थकणे ही तेव्हाच्या फौजांची नेहमीचीच गोष्ट. मग वसुली व्हायची ती रयतेकडून. १८०२ च्या लुटालुटीने आणि पाठोपाठच्या दुष्काळाने आधीच उजाड झालेल्या मुलखात शिपायाचे नाव ऐकून कुणबी आनंदला असेल, असे मला वाटत नाही. धर्माच्या नात्याने त्यांना सरसकट शूरवीर ठरवणे जितके सोपे, तितकेच 'परके लुटारू' म्हणून मोकळे होणेही सोपे.

जानेवारी १८१८ च्या मंदसोर तहाने होळकरांनी खानदेशातील आपला मुलूख इंग्रजांना दिला. तापीकाठच्या थाळनेरच्या किल्लेदाराने, तुळशीराम यांनी, मात्र किल्ला सोडला नाही. २७ फेब्रुवारीला जनरल हिस्लॉप चालून आला. शरणागतीची बोलणी धड झाली नाहीत, कोणाला कोणाची भाषा नीट कळली नाही. दिंडीतून आत शिरलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांवर वार झाले. त्यानंतर सुमारे ३०० शिपायांची कत्तल झाली. किल्लेदाराला त्याच दिवशी फाशी दिले. पुढे इंग्लंडच्या पार्लमेंटने युद्धातील सेनापतींचे आभार मानले, पण थाळनेरच्या फाशीवर तिथेही बोट ठेवले गेले.

मालेगावी वेगळे घडले. मोसम नदीकाठचा नारोशंकर राजेबहादूरांचा तो भुईकोट अरबांनी जवळजवळ महिनाभर लढवला. २९ मेचा हल्ला त्यांनी परतवला. इंग्रजांकडील मृत-जखमी दोनशेच्या वर गेले. जूनमध्ये तोफगोळ्याने दारूकोठार उडाले, तट ढासळला, आणि १३ जूनला किल्ला शरण आला. आत अरबांबरोबर हिंदुस्थानी शिपाईही होते.

इथे एक कागद महत्त्वाचा ठरला. कर्नल मॅकडॉवेलच्या मुनशीने अरबांना मराठीत जे लिहून दिले, त्यात साहेबाच्या मनात होते त्याहून जास्त वचन गेले होते. अरबांच्या हिताचे तेच सरकार करील, अशा अर्थाचे. 'मुनशीची चूक' म्हणून ते झटकून टाकता आले असते. पण एल्फिन्स्टनने कागदाचा अर्थ शरण आलेल्यांच्या बाजूने लावायचे ठरवले. इंग्रजांच्या इमानावर संशय नको, हा हिशेब त्यामागे होताच. राज्य नवे होते. तरी हिशेबाने का होईना, शब्द पाळला गेला. मुलांकडून एकेक वाक्य घोटून घेणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकाला त्या अनामिक मुनशीबद्दल फार कुतूहल वाटते.

चित्रपटातले सामुराई गाव वाचवतात आणि जिंकूनही रिकाम्या हाताने उभे राहतात. खानदेशातल्या शिपायांना तेवढाही मान मिळाला नाही. त्यांच्या तलवारीचे गिऱ्हाईकच संपले होते. पुढे १८२५ मध्ये आउट्रमने भिल्ल पलटण उभारली. कालपर्यंत ज्यांचा पाठलाग चालला होता, त्याच भिल्लांच्या हाती सरकारी बंदूक आली आणि धरणगावला त्यांची छावणी पडली.