गोल्फच्या ‘वेज’ची कुळकथा

नाव तेच राहावे आणि त्या नावाखालची वस्तू मात्र हळूहळू पालटत जावी, असा प्रकार व्यवहारात पुष्कळ वेळा आढळतो. आपल्याकडे पायली म्हटली म्हणजे सर्वत्र एकच माप, असे कधीच नव्हते. एका तालुक्याची पायली दुसऱ्या तालुक्यात उणी भरे, तर तिसऱ्यात जास्त. म्हणून शहाणा गिऱ्हाईक पायलीचे नाव ऐकून पैसे मोजीत नसे. तो आधी माप डोळ्यांखालून घाली. गोल्फच्या खेळात ‘वेज’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या काठ्यांची हकीकत नेमकी अशीच आहे. हौशी खेळाडूने त्या कशा निवडाव्यात, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या इतिहासात दडलेले असल्यामुळे तो इतिहास मी आज आपणांपुढे थोडक्यात मांडणार आहे.

हा खेळ स्कॉटलंडचा खरा; परंतु हिंदुस्थानात तो बराच लवकर आला. कलकत्त्याजवळ डमडम येथे १८२९ साली गोल्फचा क्लब निघाला आणि १८४२ साली मुंबईत दुसरा स्थापन झाला. मुंबईकर गोऱ्या खेळाडूंनी सेंट अँड्र्यूजच्या जगप्रसिद्ध क्लबास एक रौप्यपदक अर्पण केले. ते ‘बाँबे मेडल’ याच नावाने ओळखले जाते. प्रारंभी हा खेळ साहेबलोकांपुरताच होता. लॉर्ड विलिंग्डन हे १९१३ ते १९१८ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या नावाचा जो क्लब मुंबईत निघाला, त्यात हिंदी आणि युरोपीय अशा दोहोंनाही प्रवेश मिळाला. पुढे १९२७ साली चेंबूरला बाँबे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब उभा राहिला. आणि २०२१ साली भरलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उदयन माने हा मराठी खेळाडू आपल्या देशाकडून या खेळात उतरला.

आता काठ्यांकडे वळू. जुन्या काळी काठ्यांना क्रमांक नव्हते; क्लीक, मॅशी, निब्लिक अशी नावे होती. त्यांपैकी निब्लिक ही आपल्या वेजची आजी म्हणावयास हरकत नाही. गाडीच्या चाकोरीत रुतलेला चेंडू काढण्यासाठी लहान, जड तोंडाची लोखंडी काठी स्कॉटलंडात वापरीत असत. तिच्यापासून ही निब्लिक उत्क्रांत झाली. तिच्या लोखंडी फाळाचे तोंड आकाशाकडे बरेच कललेले असे. या कलण्यालाच ‘लॉफ्ट’ म्हणतात आणि तो अंशांत मोजतात. अंश जितके अधिक, तितका चेंडू उंच जातो व जवळ पडतो. अंश जितके कमी, तितका तो सखल व दूर धावतो. एवढे एक सूत्र ध्यानात ठेवले म्हणजे पुढील सर्व विवेचन सुलभ होईल.

निब्लिकमध्ये एक मोठे वैगुण्य होते. तिची खालची धार पातळ असल्यामुळे वाळूच्या खड्ड्यात ती कुदळीसारखी खोल शिरे आणि चेंडू जागच्या जागी राही. यावर तोड म्हणून अमेरिकेत वाटीसारख्या खोलगट तोंडाची एक अवजड काठी निघाली. बॉबी जोन्स या थोर हौशी खेळाडूने १९३० साली होयलेक येथील स्पर्धेत ती वापरली. परंतु अशा खोलगट तोंडाचा चेंडूला एकाच फटक्यात दोनदा स्पर्श होण्याचा संभव असल्याने १९३१ साली ती नियमबाह्य ठरली.

खरी युक्ती सुचली ती जीन सॅराझेन यास. इटलीहून अमेरिकेत आलेल्या एका सुताराचा हा मुलगा. लहानपणी दुसऱ्यांच्या काठ्या वाहून त्याने चार पैसे मिळविले आणि त्यातूनच तो खेळ शिकला. विमान चालविण्याचे धडे घेत असता शेपटी खाली गेली की नाक वर उचलले जाते, हे त्याच्या ध्यानी आले. त्याने निब्लिकच्या तळाला मागील बाजूने शिसे व डाख लावून तो तळ जाड केला, आणि त्याची मागची कड पुढच्या धारेपेक्षा खाली आणली. आता काठी वाळूत रुतेना. ती वाळूवरून घसरत जाऊन चेंडूला वाळूच्या थरासकट बाहेर उचलू लागली. ही काठी घेऊन १९३२ साली तो इंग्लंडात सँडविच गावाजवळच्या प्रिन्सेस मैदानावर उतरला. अधिकाऱ्यांनी आधीच पाहून ती बाद करू नये म्हणून तो ती पिशवीत उलटी ठेवी, असे तो पुढे सांगत असे. ती स्पर्धा त्याने पाच फटक्यांनी जिंकली आणि त्याच वर्षी अमेरिकेची राष्ट्रीय खुली स्पर्धाही जिंकली. ‘सँड वेज’चा वंश येथून वाढीस लागला.

तळाच्या या फुगवट्याला ‘बाउन्स’ म्हणतात. तो काय करतो, हे समजण्यास वर्ध्याच्या शेतकऱ्याला परदेशी जावयास नको. सिंदी मेघे परिसरातील काळी कपाशीची जमीन डोळ्यांपुढे आणा. वैशाखात ती भेगाळून दगडासारखी टणक होते. श्रावणात तीच पायाला लोण्यासारखी चिकटते. वखराची पास दोन्ही वेळी सारखी लावून चालत नाही. तोच न्याय येथे लागू आहे. टणक, उघड्या जमिनीवर फुगीर तळ आपटून उसळतो आणि धार चेंडूच्या पोटाला लागते. तेथे चार ते आठ अंशांचा कमी बाउन्स बरा. भुसभुशीत वाळूत किंवा ओल्या गवतात दहा ते चौदा अंशांचा बाउन्स काठीला रुतू देत नाही. आपल्या देशात पाण्याच्या टंचाईमुळे कित्येक मैदानांवर हिरवळीऐवजी वाळू व तेल दाबून केलेली ‘ब्राउन’ असत. अशा भूमीसाठी काठी निवडताना परदेशी मैदानाचा सल्ला जशाचा तसा उपयोगी पडत नाही.

सॅराझेनच्या काळातच आणखी दोन गोष्टी घडल्या. १९२९ पर्यंत पोलादी दांड्यांना अमेरिका व ब्रिटन दोन्हीकडे मान्यता मिळाली. त्यामुळे काठ्यांचे एकसारखे संच होऊ लागले आणि नावांच्या जागी क्रमांक आले. संच आले तशी हावही आली. लॉसन लिटलसारखा खेळाडू पंचवीसहून अधिक काठ्या बाळगू लागला. अखेर अमेरिकेने १९३८ साली व सेंट अँड्र्यूजने १९३९ साली चौदा काठ्यांची मर्यादा घातली. ती आजतागायत कायम आहे. म्हणजे नवी वेज पिशवीत घालावयाची, तर दुसरी एखादी काठी बाहेर काढणे भाग आहे.

आता मुख्य मुद्दा. साठ-सत्तर वर्षांपूर्वी ‘पिचिंग वेज’ पन्नास अंशांच्या आसपास असे आणि सँड वेज छप्पन्न अंशांच्या जवळपास. दोहोंत पाच-सहा अंशांचे अंतर पडे. तक्रारीला जागा नव्हती. पुढे कारखानदारांत दूरच्या फटक्यांची चढाओढ लागली. फाळाचे वजन खाली नेल्यामुळे चेंडू आपोआप उंच जाऊ लागला आणि कल कमी करण्यास वाव मिळाला. होता होता पिचिंग वेज पंचेचाळीस, चव्वेचाळीस, क्वचित त्याहूनही कमी अंशांवर उतरली. नाव मात्र तेच राहिले! सँड वेज आपल्या जागी राहिल्यामुळे मध्ये दहा-बारा अंशांची दरी पडली. ती बुजविण्यासाठी ‘गॅप वेज’ जन्माला आली; तिच्या नावाचा अर्थच मुळी ‘मधल्या फटीची’ असा आहे. दुसऱ्या टोकाला साठ अंशांची ‘लॉब वेज’ आली. डेव्ह पेल्झच्या सल्ल्यावरून टॉम काइटने १९८० च्या सुमारास ती वापरली आणि १९८१ साली अमेरिकेतील व्यावसायिकांत सर्वाधिक कमाई केली. मग तिचा प्रसार झपाट्याने झाला.

तेव्हा हौशी खेळाडूने काय करावे? प्रथम आपल्या पिचिंग वेजचा कल किती अंशांचा आहे, हे मोजून घ्यावे. समजा तो चव्वेचाळीस आहे आणि सँड वेज छप्पन्नची आहे. पहिलीने चेंडू एकशेदहा यार्ड जातो, दुसरीने ऐंशीच्या आतबाहेर. मधल्या तीस यार्डांसाठी तो एकदा जोर आवरतो, एकदा जोर करतो, आणि दोन्ही वेळा स्वतःच्या हाताला दोष देतो. वस्तुतः दोष हाताचा नसून फटीचा आहे. मध्ये पन्नास अंशांची एक काठी घातली की चव्वेचाळीस, पन्नास, छप्पन्न अशी सहा-सहा अंशांची सरळ पायरी होते. चार ते सहा अंशांची पायरी बहुतेकांस पुरते; त्याहून लहान पायरीचा लाभ ज्याचा फटका रोज सारखा पडतो त्यालाच. साठ अंशांची काठी मोहक खरी. पण तिच्यावर फटका किंचित चुकला तरी चेंडू जवळच पडतो किंवा हिरवळ ओलांडून जातो. ती घेण्यापूर्वी चौदांपैकी कोणती काठी सोडणार, हा प्रश्न स्वतःस विचारावा.

आणि ज्याला तीन काठ्या विकत घेण्याचे सामर्थ्य नाही, त्याने काय करावे? त्यानेही निराश होऊ नये. दिल्लीच्या मैदानावर काठ्या वाहणाऱ्या अली शेर यांनी १९९१ साली इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकली. तो मान मिळविणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक. अर्धा झोका, पाऊण झोका आणि पूर्ण झोका यांनी चेंडू किती यार्ड जातो, हे ज्याने मैदानावर मोजून मनाशी पक्के केले, त्याच्या एका काठीत तीन काठ्या सामावलेल्या असतात.

सारांश, श्रोतेहो, वेजवर कोरलेले नाव ही जुनी पायली आहे. तिच्यावर विसंबू नये. फाळाचे अंश पाहावेत, तळाखालची जमीन पाहावी आणि आपल्या हातचे यार्ड मोजावेत. सुताराच्या ज्या मुलाने निब्लिकच्या तळाला शिशाचा थर दिला, त्याने नावाकडे पाहिले नव्हते. वाळूत काठी का रुतते, एवढेच पाहिले होते.