तुझा नंबर शेवटचा

चपला बाहेरच काढ. दारात एवढा ढीग आहे की निघताना जोडी शोधत बसावं लागेल. मे 1998, नांदगाव, दुपारचे तीन. वर तापलेला पत्रा, मागच्या रुळांवरून भुसावळकडे निघालेली मालगाडी. ती जाईपर्यंत टीव्हीचा आवाज कुणालाच ऐकू येत नाही. आत ये. खिडकीला चादर लावून मुद्दाम अंधार केलाय. फरशीवर बसलेल्या पोरांत जागा करून घे आणि आल्या आल्या विचारून टाक, "माझा कितवा नंबर?" नाही विचारलंस तर पाळी येणारच नाही.

शेवटचा आहे. बस.

टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. गेल्याच महिन्यात याच पडद्यावर सचिनने शारजात दोन शतकं ठोकली, तेव्हाही खोली अशीच भरली होती. आज अँटेनाची वायर काढून दुसरीच खोचलीय, ती एका प्लॅस्टिकच्या डब्यात गेलीय. निन्टेन्डोने 1983 साली जपानमध्ये काढलेल्या फॅमिकॉमची ही नक्कल. अशा नकला तैवानमध्ये, चीनमध्ये बनल्या आणि हातोहाती होत छोट्या गावांपर्यंत पोचल्या. हा डबा मालेगावहून आलाय. निन्टेन्डो हे नाव या खोलीत कुणी ऐकलेलं नाही. डब्याला 'व्हिडिओ गेम' म्हणायचं, त्यात घालायची ती कॅसेट, हातात धरून खेळायचा कंट्रोलर म्हणजे रिमोट. कॅसेटवर छापलंय '9999999 इन 1'. यादी खाली नेत गेलं की तेच मोजके गेम फिरून फिरून येतात: मारिओ, कॉन्ट्रा, रणगाड्यांचा, बदकं मारायचा. पोरांना हे केव्हाच कळलंय आणि कुणाची काही तक्रार नाही.

आता पडद्याकडे नीट बघ, कारण तुझं आणि तुझ्या वडिलांचं भांडण इथेच सुटेल. तुझ्या काळात, घरच्या एलईडीवर त्यांनी तुला मोठ्या हौसेने मारिओ लावून दिला होता. तू म्हणालास, "हे काय, सगळं चौकोनी चौकोनी!" ते हिरमुसले. त्यांना वाटलं, आजच्या पोरांना चांगल्या ग्राफिक्सची चटक लागलीय. पण या फुगीर काचेच्या टीव्हीवर ठिपके एकमेकांत थोडे विरघळतात, कडा मऊ पडतात. एलईडीवर तोच प्रत्येक ठिपका धारदार चौकोन होतो. त्यांनी लहानपणी जो मारिओ पाहिला, तो तू पाहिलेलाच नाहीस. बदकाच्या गेमचंही तेच. पडद्यावर रोखलेल्या खेळण्यातल्या बंदुकीचा चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो आणि बंदुकीतला डोळा तो उजेड टिपतो. एलईडीवर चित्र किंचित उशिरा उमटतं, म्हणून वडिलांनी जपून ठेवलेली बंदूक तुझ्या घरी एकही बदक पाडत नाही.

पुढच्या रांगेतली ती चिमुरडी म्हणतेय, "ढग खाली उतरलेत." सगळे तिला हसतायत. तिचंच बरोबर आहे. मारिओतला ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललाय. अख्खा गेम 40 केबीचा, तुझ्या फोनमधल्या एका फोटोहून कितीतरी लहान. त्यात आठ जगं, बत्तीस स्टेज बसवायच्या, तर काटकसर करावीच लागली. रंगीत टीव्हीवर ही काटकसर लपते. या टीव्हीवर दोन्ही करडे दिसतात आणि पाच वर्षांच्या पोरीला बरोबर सापडतात.

मोठ्या दादाच्या तिन्ही लाइफ गेल्या. आता रिमोट ताईकडे. ताई सगळ्यात भारी खेळते, आणि हे मान्य करायला एकही पोरगा तयार नाही. "ए भो, उडी मार ना! आता! आता!" असं सगळे ओरडतायत. ती कुणाचं ऐकत नाही. दुसऱ्या स्टेजमध्ये शेवटाला ती विटांच्या छतावर चढते आणि वरूनच धावत सुटते. पलीकडे तीन नळ, थेट पुढच्या जगांत नेणारे. ही युक्ती कुठल्या पुस्तकात नव्हती, इंटरनेट इथे आलेलं नव्हतं. कल्याणहून सुट्टीला आलेल्या आतेभावाने ती रेल्वेने आणली. तो जाईल आणि युक्ती इथे राहील, पुढच्या आठवड्यात कुणाच्या तरी मामाच्या गावाला पोचेल.

तुझा जीव वर-खाली होतोय, दिसतंय मला. नुसतं बघत किती वेळ बसायचं? पण एक लक्षात घे. तुझी आई तुला म्हणते ना, "दुसरा खेळतो ते यूट्यूबवर काय बघत बसतोस?" या खोलीतली पोरं तेच करतायत. एक खेळतो, बाकीचे बघतात, आणि बघून बघूनच शिकतात. यात तुझ्या पिढीचं काही बिघडलेलं नाही. फरक असेल तर एवढाच की इथे खेळणाऱ्याचा कोपर तुला लागतो, तू ओरडलास तर त्याला ऐकू जातं, आणि तो चुकला तर नंबर तुझ्याकडे सरकतो. माझ्या मते जे गेलंय ते हे. गेम कुठेच गेलेला नाही.

"पाणी आलं!" बाहेरून काकू ओरडतात. मे महिन्यात नांदगावच्या नळाला पाणी रोज येत नाही. ताई स्टार्ट दाबते, मारिओ हवेत उडी मारलेल्या अवस्थेत थांबतो, आणि अख्खी खोली हंडे-कळश्या उचलून बाहेर पळते. तूही एक कळशी घे. पाणी भरून सगळे परत येतात, ओल्या हातांनी, आणि बसतात न बसतात तोच लाइट जाते.

तू शांत आहेस, कारण तुला वाटतंय सेव्ह झालं असेल. नाही झालं. या कॅसेटमध्ये सेव्ह नावाची गोष्टच नाही. लाइट आली की पुन्हा पहिली स्टेज, पहिला शत्रू, जो उजवीकडून चालत येतो. त्याच्यावर उडी मारायची असते हे कुणी लिहून सांगत नाही. नाही मारली तर मरतोस आणि कळतं. ताई थोडी रडवेली झालीय. पण लाइट येईपर्यंत हलत कुणीच नाही, ती कुठवर गेली होती याचीच चर्चा चाललीय.

आजच्या पोरांना धीर नाही असं मोठी माणसं सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. 21 डिसेंबर 2023 ला अमेरिकेतल्या ओक्लाहोमाच्या विलिस गिब्सन या 13 वर्षांच्या मुलाने निन्टेन्डोचा 1989 सालचा टेट्रिस इतका पुढे नेला की 157व्या लेव्हलला गेमच गोठला. तिथवर आधी कोणताही माणूस पोचला नव्हता. तो मुलगा त्या गेमहून वीसहून जास्त वर्षांनी लहान. ज्यांनी तो गेम नवा असताना खेळला, त्यांना जमलं नाही ते त्याने केलं, आणि तेही दुसऱ्यांचे खेळ बघून शिकून.

लाइट आली. तुझा नंबर लागला. आणि तू पहिल्याच शत्रूला धडकून मेलास. सगळे हसले, मग ताईने सरकून रिमोटवरचं तुझं बोट योग्य बटणावर ठेवलं. पुढच्या लाइफला तू खड्ड्यापर्यंत गेलास.

आता परत जा आणि एवढं कर. शेजारच्या चार पोरांना घरी बोलाव, वडिलांनाही बसव. एकच रिमोट ठेवा, तीनच लाइफ, सेव्ह बंद. आणि वडिलांना आधीच बजावून ठेव: तुझा नंबर असेल तेव्हा "असं नाही, असं" म्हणत रिमोट हातातून ओढायचा नाही.